पेन्सिल पोर्ट्रेटमध्ये भाव कसे उतरवायचे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पेन्सिलनं पोर्ट्रेट करणारी मंडळी जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात सविस्तर आली असेल, तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. मापं ए-४ कागदावर, माथ्यापासून हनुवटीपर्यंत साधारण १६ सें.मी. उंचीचं डोकं धरून दिली आहेत. याहून लहान चेहऱ्यात भावांचं काम करू नका. डोळ्याची रुंदी दीड सें.मी.च्या खाली गेली की पापणीची जाडी दाखवायला जागाच उरत नाही.

१. चेहरा हुबेहूब येतो, लोक ओळखतातही, पण भाव येत नाही. नेमकं कुठे चुकतं?

बहुतेक वेळा अवयव सुटे सुटे काढले जातात, तिथे. माणूस हसतो तेव्हा गाल वर चढतो, गाल खालच्या पापणीला ढकलतो, डोळा बारीक होतो आणि बाहेरच्या कोपऱ्यात घड्या पडतात. तुम्ही ओठ फोटोतून घेतलेत आणि डोळा मात्र हाताला सवय असलेला, टपोरा काढलात, तर ओठ हसतात आणि डोळे कोरे राहतात. दुसरी चूक म्हणजे दोन्ही बाजू सारख्या करणं. खऱ्या चेहऱ्यावर एक भुवई जरा वर असते, ओठाचा एक कोपरा जास्त ओढलेला असतो. तो फरक ‘दुरुस्त’ केला की भाव गेलाच. तिसरी चूक सगळ्या कडा एकसारख्या धारदार ठेवण्याची (पाहा प्रश्न १३).

तपासायचं कसं? कागदानं चित्राचा नाकाखालचा भाग झाका आणि फोटोचाही झाका. फक्त डोळे-भुवया काय सांगतात ते दोन्हींत ताडून पाहा. मग वरचा भाग झाकून तेच करा. चूक कोणत्या अर्ध्यात आहे ते लगेच कळतं.

२. कोणत्या पेन्सिली घ्याव्यात?

२एच, एचबी, २बी, ४बी आणि ६बी एवढ्या पाच पुरतात (एच म्हणजे कठीण आणि फिकट, बी म्हणजे मऊ आणि गडद). कॅमलिन किंवा अप्सराच्या ड्रॉइंग पेन्सिलींवर उत्तम काम होतं, महागड्या सेटची वाट पाहू नका. मात्र एका कंपनीची ४बी दुसरीच्या ४बीएवढीच गडद असेल असं नाही. शिशात ग्रॅफाइट आणि माती यांचं प्रमाण बदलून कमी-जास्त कठीण पेन्सिली बनतात (या पद्धतीचं पेटंट फ्रान्समध्ये निकोला-जाक काँते या संशोधकानं १७९५ साली घेतलं) आणि हे प्रमाण प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं. म्हणून ज्या कागदावर चित्र करणार, त्याच्याच तुकड्यावर पाचही पेन्सिलींचे चौकोन भरून समोर ठेवा.

टोक ब्लेडनं काढा, शिसं ८ ते १० मि.मी. बाहेर ठेवा आणि बारीक सँडपेपरवर फिरवून घ्या. शार्पनरच्या आखूड टोकानं पेन्सिल आडवी धरून हलकी छटा देता येत नाही. २एच दाबून चालवली तर कागदावर चर पडतो, नंतर ४बी त्या चरावरून उडी मारते आणि कितीही शेडिंग केलं तरी पांढरी रेघ दिसत राहते.

३. कागद कसला?

सरावाला चांगला कार्ट्रिज (ड्रॉइंगचा जाडसर कागद). पक्क्या कामाला २०० जीएसएम (एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) किंवा त्याहून जाड, गुळगुळीत पण काचेसारखा नसलेला. अगदी गुळगुळीत कागदावर तीन-चार थरांनंतर शिसं बसेनासं होतं, त्यामुळे डोळ्यांतली आणि ओठांच्या कोपऱ्यातली खोल छटा मिळत नाही. खरखरीत कागदावर लहान मुलाची त्वचा देवीचे व्रण असल्यासारखी दिसते. म्हाताऱ्या, रापलेल्या चेहऱ्याला मात्र तोच कागद छान साथ देतो.

४. ग्रिड (फोटोवर आणि कागदावर आखलेली चौकटींची जाळी) वापरली तर भाव मरतो का?

ग्रिडनं भाव मरत नाही, मोठ्या चौकटींमुळे तो निसटतो. २ सें.मी.च्या चौकटीत भुवई दीड मि.मी. खाली गेली तरी नजरेला खटकत नाही, आणि भाव बदलायला तेवढं पुरतं (पाहा प्रश्न ६). डोळे, भुवया आणि तोंड यांच्यापुरत्या चौकटी ५ मि.मी.च्या करा. रेघा एचबीनं, हात अगदी हलका ठेवून मारा. शेडिंग सुरू करण्याआधी मळून वापरायच्या खोडरबरानं त्या टिपून घ्या. शेडिंगखाली राहिलेली ग्रिड नंतर निघत नाही.

५. मोबाइलवर काढलेल्या फोटोवरून चित्र केलं तर चालेल?

चालेल, पण फोटो काढताना काळजी घ्या. हाताच्या अंतरावरून काढलेल्या सेल्फीत नाक मोठं आणि कान मागे गेलेले येतात. दीड-दोन मीटर लांब उभं राहून २एक्स झूम लावा. ब्युटी फिल्टर बंद करा, कारण तो आधी डोळ्यांखालच्या आणि नाकाच्या बाजूच्या घड्या पुसतो आणि आपल्याला नेमक्या त्याच हव्या असतात. फ्लॅश नको, खिडकी एका बाजूला घ्या. जुने फोटो ॲपमधून ‘स्वच्छ’ करून पाठवले जातात, त्यांत डोळे आणि दात बरेचदा ॲपनं मनानं बनवलेले असतात. मूळ फोटो मागून घ्या, मग तो कितीही फिकट असो.

६. दुःखी चेहरा काढायला जातो आणि तो रागीट दिसतो. असं का?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच.

दुःखात आणि रागात, दोन्ही वेळा भुवया एकमेकींकडे ओढल्या जातात आणि मध्ये उभ्या घड्या पडू शकतात. त्या उभ्या रेघा ठळक दिसतात म्हणून आपण त्याच आधी काढतो, वर ४बीनं दाबतो, आणि बघणाऱ्याला राग दिसतो. खरा फरक भुवईच्या नाकाकडच्या टोकात आहे. दुःखात कपाळाच्या स्नायूचा मधला भाग ते टोक वर उचलतो. त्यामुळे भुवई आतून बाहेर उतरती होते, आडव्या घड्या कपाळाच्या फक्त मधल्या भागात पडतात आणि वरच्या पापणीवरची घडी आतल्या बाजूला वर चढून त्रिकोणी होते. रागात तेच टोक खाली, डोळ्याच्या जवळ येतं, पापणीवरची घडी भुवईखाली झाकली जाते, खालची पापणी ताणली जाते आणि ओठ आवळले जातात. १६ सें.मी.च्या डोक्यात हा सगळा खेळ दीड ते दोन मि.मी.चा आहे.

दुरुस्ती या क्रमानं करा. आधी भुवयांमधल्या उभ्या घड्या खोडरबरानं टिपून निम्म्या फिक्या करा. मग डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यापासून भुवईच्या टोकापर्यंतचं अंतर फोटोत आणि चित्रात कंपासनं मोजा. टोक वर घ्यायचं असेल तर भुवईचे पहिले पाच-सहा केस पुसून जवळजवळ उभे काढा, कारण टोक उचललं की तिथल्या केसांची दिशाही बदलते. त्यानंतर पापणीची घडी तिरकी करा. ओठांना सगळ्यात शेवटी हात लावा. कोपरे फार खाली ओढले की दुःखाऐवजी लहान मुलाचा रुसवा दिसतो.

आणखी एक सावधगिरी. डार्विननं १८७२ साली भुवईच्या या स्नायूंना शोकाचे स्नायू म्हटलं आणि सरावाशिवाय फार थोड्या माणसांना ते मुद्दाम हलवता येतात, असं नोंदवलं. म्हणून मित्राला ‘जरा दुःखी चेहरा कर’ म्हटलं की तो कपाळाला आठ्या घालतो. तो फोटो तुम्ही प्रामाणिकपणे उतरवलात तरी चित्रात राग येणार. दुःखासाठी ठरवून दिलेल्या पोझपेक्षा नकळत टिपलेला क्षण घ्या.

७. हसू खोटं, फोटोसाठी आणलेलं वाटतं. काय करू?

ओठांचे कोपरे वर-मागे ओढणारा स्नायू माणूस मनात आलं की वापरू शकतो, डोळ्याभोवतालचा गोल स्नायू खऱ्या आनंदात आपोआप आवळतो. फ्रेंच वैद्य द्युशेन यानं हे १८६२ साली मांडलं आणि पोर्ट्रेटमध्ये ते रोज कामी येतं. खालच्या पापणीखाली गाल चढल्याचा एक फुगीर उजळ पट्टा दाखवा, त्याच्याखाली एचबीची मऊ छटा द्या. खालची पापणी बुबुळावर किंचित चढवा. भुवई आणि पापणी यांच्यामधली त्वचा बाहेरच्या बाजूला थोडी खाली उतरते, हे बहुतेक जण विसरतात.

ओठांचा कोपरा रेघेनं संपवू नका. तिथे एक बारीक खड्डा असतो, ४बीनं तो गडद करा आणि गालाच्या बाजूला विरघळू द्या. दात एकसंध पट्टा म्हणून काढा. दोन दातांमधली फट फक्त हिरडीजवळ आणि खालच्या कडेला सुचवायची. प्रत्येक दाताला पूर्ण रेघ मारली की हसू कवळीचं होतं. कोपऱ्यांकडचे दात सावलीत असतात, त्यांना २एचनंतर एचबीचा हात द्या.

८. डोळे जिवंत कसे करायचे?

डोळ्याचा पांढरा भाग कोरा ठेवू नका. तो गोळा आहे, त्यामुळे दोन्ही कोपऱ्यांकडे आणि वरच्या पापणीखाली त्यावर सावली पडते. आधी २एचनं संपूर्ण पांढरा भाग झाका, मग वरच्या पापणीची सावली पांढऱ्या भागावरून थेट बुबुळावर न्या. डोळ्याची रुंदी २.२ सें.मी. असेल तर बुबुळ ८ ते ९ मि.मी. येतं. निवांत चेहऱ्यात वरची पापणी त्याचा वरचा भाग थोडा झाकते, म्हणून पूर्ण वर्तुळ कधीच दाखवू नका. चमकेचा ठिपका दोन्ही डोळ्यांत घड्याळाच्या जवळपास एकाच आकड्यावर हवा, आणि तो कागदाचाच पांढरा राखून ठेवावा. नंतर पांढऱ्या जेल पेननं दिलेला ठिपका चिकटवल्यासारखा दिसतो. खालच्या पापणीच्या जाडीवर ओलसर उजळ कड सोडा. डोळ्याच्या ओलाव्याचं अर्धं काम ती एकटी करते.

९. भीती आणि आश्चर्य वेगळे कसे दाखवायचे?

दोन्हींत वरची पापणी उचलली जाऊन बुबुळाच्या वर पांढरा भाग दिसतो. आश्चर्यात भुवया कमानदार असतात आणि जबडा सैल सुटतो. भीतीत भुवया वर जातात पण सरळ आणि जवळ येतात, खालची पापणी ताणलेली असते आणि ओठ आडवे, कानांकडे ओढले जातात. ओठ सैल की ताठ, एवढं ठरवलंत तरी निम्मं काम झालं.

१०. अश्रू खरे वाटत नाहीत, मणी चिकटवल्यासारखे दिसतात.

कारण चारी बाजूंनी बाह्यरेषा काढली जाते. थेंब पारदर्शक असतो. प्रकाशाच्या बाजूला वर लहान चमक, तिच्या शेजारी आत गडद, समोरच्या बाजूला आत उजळ आणि खाली त्वचेवर बारीक सावली, असा त्याचा क्रम. ओघळ दाखवताना त्वचेची छटा आधी पूर्ण करा, मग टोकदार केलेल्या खोडरबरानं वेडीवाकडी, मध्ये तुटणारी रेघ उचला. रडून लाल झालेल्या पापण्या आणि नाकाचा शेंडा आसपासच्या त्वचेपेक्षा एक पायरी गडद येतात.

आमचं मत विचाराल तर अश्रू शेवटी काढा, आणि आधी तो नसतानाही चेहरा रडवेला दिसतो का ते पाहा. दिसत नसेल तर प्रश्न ६ कडे परत जा.

११. शांत, विचारात हरवलेला चेहरा काढला की तो निर्विकार का दिसतो?

इथे स्नायू जवळजवळ हललेले नसतात, म्हणून सगळा भार नजर, मानेचा कल आणि कडा यांच्यावर येतो. विचारातली नजर जवळच्या वस्तूवर खिळलेली नसते, दोन्ही बुबुळं जवळजवळ समांतर असतात आणि वरची पापणी जरा उतरलेली असते. मान पाच ते सात अंश कललेली ठेवा, पण डोळ्यांची आणि ओठांची आडवी रेषा त्याच कोनात कलवायला विसरू नका. डोळे कलले आणि ओठ सरळ राहिले तर चेहरा पक्षाघात झाल्यासारखा दिसतो. प्रकाशाकडचा डोळा नीट पूर्ण करा, सावलीतला डोळा अर्धवट सोडा. पोर्ट्रेटमध्ये आम्हाला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे काम. याला वेळ द्या.

१२. भाव गडद करायला जास्त काळोख, जास्त कॉन्ट्रास्ट द्यावा का?

सरसकट नको. गडद पार्श्वभूमीनं चित्र नाट्यमय होतं, चेहरा मात्र तसाच राहतो. आधी प्रकाश कुठून येतो आणि त्याचं या भावाशी काय नातं आहे ते ठरवा. चित्रकार सावळाराम हळदणकरांचं दिवा घेतलेल्या स्त्रीचं जलरंगातलं चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. त्यात चेहऱ्यावरचा उजेड हातातल्या ज्योतीतून, खालून येतो. खालून आलेला प्रकाश सहसा चेहरा भयाण करतो. इथे उजेड मऊ आहे आणि नजर शांत आहे, म्हणून तो चेहरा प्रसन्न वाटतो. काम सुरू करण्याआधी ५ × ७ सें.मी.ची दोन-तीन छोटी रेखाटनं फक्त तीन छटांत करून पाहा. दहा मिनिटांत निर्णय होतो.

१३. ब्लेंडिंग किती करावं? बोटानं पुसलं तर चालेल?

बोटानं नको. त्वचेचं तेल कागदात मुरतं आणि तिथली छटा नंतर उचलता येत नाही. पेपर स्टंप (कागदाची घट्ट गुंडाळलेली टोकदार कांडी) किंवा टिश्यू वापरा, तेही गाल आणि कपाळ यांच्या मोठ्या पृष्ठभागांपुरतं. सगळा चेहरा घोटला की तो मेणाचा होतो. कडा तीन प्रकारच्या ठेवा. वरच्या पापणीची कड, नाकपुडी आणि ओठांमधली फट धारदार. गाल, हनुवटी मऊ. सावलीतला जबडा किंवा केसांत मिसळणारं कपाळ हरवलेलं. बघणाऱ्याची नजर धारदार कडेकडे जाते, म्हणून ती कड भाव जिथे आहे तिथेच असू द्या.

१४. सावळ्या किंवा काळ्या वर्णाच्या माणसाचे भाव शेडिंगमध्ये हरवतात. रंग थोडा उजळ करू का?

अजिबात नाही. वर्ण उजळला की माणूस बदलतो. अडचण अशी असते की संपूर्ण त्वचा ४बीनं भरली की सावलीसाठी पुढे काही उरत नाही. त्वचेची मूळ छटा एचबी आणि २बीच्या तीन-चार थरांनी मध्यम-गडद ठेवा, ६बी फक्त नाकपुडी, ओठांची फट, बाहुली आणि पापणीची कड यांसाठी राखा. गडद त्वचेवर चमक जास्त स्पष्ट दिसते. कपाळ, गालाचं हाड, नाकाचा शेंडा आणि खालचा ओठ यांवरच्या चमकेच्या आकारातूनच भाव वाचला जातो. चमक खोडरबरानं टिपून काढा, तिच्या कडा मऊ ठेवा.

१५. आजीच्या सुरकुत्या काढल्या की चेहरा तडे गेल्यासारखा दिसतो.

प्रत्येक सुरकुती रेघ म्हणून काढल्याचा तो परिणाम. सुरकुती ही घडी असते. प्रकाशापासून वळलेली बाजू गडद, शेजारची बाजू उजळ, आणि दोन्ही टोकं विरून जाणारी. कपाळ, डोळ्यांचे कोपरे आणि नाकापासून ओठांपर्यंतची घडी, यांतल्या चालू भावाशी संबंधित घड्या ठळक करा, बाकीच्या एचबीवरच थांबवा. आयुष्यभराच्या सवयीच्या घड्या आणि या क्षणाच्या घड्या वेगळ्या ओळखता आल्या पाहिजेत.

१६. मिशी, चष्मा, कुंकू यांचं काय करायचं?

झुपकेदार मिशीखाली वरचा ओठ दिसत नाही, पण हसताना मिशीची टोकं वर-बाहेर सरकतात, केसांची दिशा बदलते आणि नाकपुडीपासून निघणारी घडी खोल होते. हसू तिथे दाखवा.

चष्म्याच्या काड्यांची सावली गालावर द्या. उणे नंबरच्या भिंगातून गालाची कड आत सरकलेली दिसते, ती तशीच काढा. बुबुळावर पडलेलं भिंगाचं प्रतिबिंब मात्र बिनदिक्कत काढून टाका, त्यानं नजर झाकते.

लाल कुंकू करड्या छटेत मध्यम-गडद येतं, काळंभोर केलं की ते काळी टिकली वाटतं. सावळ्या कपाळावर कुंकू आणि त्वचा एकाच छटेत आली तर कुंकवाची छटा न वाढवता त्याची कड थोडी धारदार करा.

१७. गेलेल्या वडिलांचा फक्त पासपोर्ट फोटो आहे आणि घरचे ‘हसरे करून द्या’ म्हणतात. जमेल?

नुसते ओठ बदलून जमणार नाही. प्रश्न ७ मध्ये सांगितल्याप्रमाणे हसण्यात अख्खा चेहरा सामील असतो आणि प्रत्येकाचं हसू वेगळं असतं. अंदाजानं आणलेल्या हसूत घरच्यांना अनोळखी माणूस दिसतो आणि ते फार जिव्हारी लागतं. लग्नाचे, सहलीचे, ग्रुप फोटो मागा. चेहरा नखाएवढा असला तरी हसू एका बाजूला जायचं का, डोळे किती मिटायचे, हे कळतं.

दुसरा फोटोच नसेल तर हसू आणू नका, तसं स्पष्ट सांगा. चेहरा सौम्य करता येतो. फ्लॅशमुळे बाहुलीच्या मधोमध आलेला ठिपका वर, दहा-अकरा वाजण्याच्या जागी घ्या. एका बाजूला हलकी सावली देऊन सपाटपणा घालवा. ओठांचे कोपरे फार तर अर्धा मि.मी. उचला. शेडिंगआधी नुसतं रेखाटन घरच्यांना दाखवा, कारण बदल तेव्हाच सोपे असतात.

१८. समोर बसवलेल्या माणसाचा भाव मिनिटभरात निघून जातो. मग?

जाणारच. पहिल्या पाच मिनिटांत ६-७ सें.मी.चं वेगळं टिपण करा, त्यात फक्त भुवया, पापण्या आणि ओठ. मग मुख्य चित्रात डोक्याची ठेवण सैल चेहऱ्यावरून बांधा, त्याच्याशी बोलत राहा, आणि शेवटी भाव टिपणावरून आणा. वीस-पंचवीस मिनिटांनी विश्रांती द्या. कंटाळलेल्या माणसाच्या पापण्या उतरतात आणि चित्रातही उतरतात.

१९. केस आणि कपडे किती पूर्ण करायचे?

चेहऱ्यापेक्षा कमी. आँग्र या फ्रेंच चित्रकारानं १८०६ ते १८२० या काळात रोममध्ये पेन्सिलनं अनेक व्यक्तिचित्रं केली. त्यांत चेहरा बारकाईनं घडवलेला असतो आणि कोट, झालर, हात मोकळ्या रेषेत सोडलेले असतात. त्यामुळे नजर चेहऱ्यावरच राहते. पैठणीचा प्रत्येक मोर काढलात तर बघणारा मोर बघतो.

२०. गडद भाग चकाकतात, फोटोत पांढरे येतात.

ग्रॅफाइटचे कण चपटे असतात, दाब दिला की ते एका पातळीत बसतात आणि आरशासारखा उजेड परतवतात. ६बी दाबण्याऐवजी २बी, ४बी, ६बी असे हलके थर द्या. बाहुलीसाठी अगदी काळा हवा असेल तर तिथे आधी चारकोल पेन्सिल वापरा, कारण चकाकत्या ग्रॅफाइटवर चारकोल बसत नाही. चित्राचा फोटो खिडकीजवळ, उजेड ४५ अंशांतून येईल असा काढा.

२१. पावसाळ्यात मुंबई-कोकणात काम बिघडतं. फिक्सेटिव्ह (शिसं पुसलं जाऊ नये म्हणून चित्रावर मारायचा फवारा) मारावं का?

दमट कागद मऊ पडतो, शिसं डागाडागानं धरतो आणि खोडताना त्याची साल निघते. कागद सपाट, बंद पिशवीत, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. हाताखाली बटर पेपर घ्या. फिक्सेटिव्ह भर पावसात मारू नका, पांढुरकी साय धरू शकते. कोरड्या दिवशी, हवेशीर जागी, ३० सें.मी.वरून दोन किंवा तीन हलके हात द्या, मध्ये दहा-पंधरा मिनिटं थांबा. पहिला हात कागदाच्या बाहेरून सुरू करा, म्हणजे नळीतला जाड थेंब चेहऱ्यावर पडणार नाही. फिक्सेटिव्हनं छटा किंचित गडद होतात आणि त्यानंतर खोडता येत नाही, म्हणून डोळ्यांतल्या चमका आणि ओठांचे कोपरे त्याआधी एकदा तपासून घ्या. केसांचा स्प्रे वापरू नका, तो कालांतरानं पिवळा पडतो. फ्रेम करताना काच चित्राला टेकणार नाही असा माउंट लावा, नाहीतर दमटपणात शिसं काचेला चिकटतं.